30 जानेवारीला सोलापुरात, भोंग्याच्या मागावर

जुने सायरन शोधत फिरायचा नाद आम्हा तिघांना बऱ्याच वर्षांपासून आहे आणि सोलापूर कधीचं यादीत होतं, कारण हे गिरण्यांचं गाव. यावेळी मुद्दाम 30 जानेवारी गाठली. हुतात्मा दिनाला सकाळी 11 वाजता दोन मिनिटं मौन असतं, आणि केंद्राच्या सूचनेप्रमाणे जिथं सायरन आहे तिथं तो 10:59 ते 11 वाजवायचा आणि परत 11:02 ते 11:03. वर्षभर गप्प असलेला सायरन ऐकायचाय तर ही तारीख धरा, बाकी दिवशी नुसतं लोखंड बघून यावं लागतं.

मुंबईहून रात्रीची सिद्धेश्वर एक्सप्रेस धरली आणि 29 ला सकाळी उतरलो, एक दिवस हातात ठेवला तो फार कामाला आला. पहिल्या दिवशी आमची चूक अशी झाली की आम्ही सगळीकडं 'सायरन कुठंय' विचारत होतो आणि लोक रुग्णवाहिकेबद्दल सांगत होते. मग मुरारजी पेठेत चहाच्या गाड्यावर एक म्हातारे मामा म्हणाले, "काय बे, भोंगा म्हण की, सायरन काय सायरन!" तिथून सगळं बदललं. भोंगा म्हटल्यावर शेजारचे दोघं तिघं पण बोलायला लागले, कुणाचे वडील 'जुनी मिल' नावाच्या गिरणीत, कुणाची आई विडी वळायला जायची, आणि सगळ्यांचा दिवस भोंग्यावर चालायचा, पहिल्या भोंग्याला उठायचं, दुसऱ्याला डबा घेऊन निघायचं. मामा म्हणाले प्रत्येक गिरणीचा आवाज वेगळा, डोळे मिटून सांगायचो कुठली पाळी सुटली.

आता खरं सांगायचं तर गिरणीचा भोंगा म्हणजे आपण ज्याला सायरन म्हणतो तो नाहीच. तो वाफेवर चालायचा, बॉयलरची वाफ बारीक फटीतून जोरात बाहेर येऊन वरच्या घंटेच्या कडेवर आपटते तसा आवाज. जुनी मिल 1877 ची, पण गिरण्या बंद पडल्या, बॉयलर गेले, भोंगेही गेले. तेव्हा वाफेचा भोंगा ऐकायचा असेल तर शहरात वेळ घालवू नका, गाळप हंगामात जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांकडं चौकशी करा. बॉयलर तिथं चालूच असतो, काही ठिकाणी पाळी बदलताना अजून भोंगा होतो. आम्हाला तिकडं जायला वेळ मिळाला नाही, ही रुखरुख आहे.

शहरात आम्हाला जो मिळाला तो विजेवरचा, एका जुन्या सरकारी इमारतीच्या गच्चीवर. इमारतीचं नाव देत नाही, मे 2025 च्या हवाई हल्ल्याच्या मॉक ड्रिलनंतर या गोष्टीकडं सुरक्षेच्या नजरेनं बघतात आणि ते बरोबरच आहे. आमच्यातल्या एकानं पंधरा दिवस आधी लेखी अर्ज दिला होता, त्यात नाव, ओळखपत्र, येण्याचं कारण, वेळ सगळं होतं, म्हणून वर सोडलं. मध्ये मोटर, दोन्ही टोकांना पत्र्याची शिंगं, वर पावसासाठी छत. नावाची पट्टी रंगाखाली पूर्ण बुजलेली, कंपनी कळेना. मग टॉर्च मारून शिंगातून आत बघितलं, जाळीत पारव्याची पिसं अडकली होती आणि मागं रोटर, म्हणजे मोटरवर फिरणारं चाक, त्याला हवा बाहेर सोडणाऱ्या आठ खिडक्या. मी दोनदा मोजल्या.

आठ खिडक्या कळल्या की सूर आधीच काढता येतो, कारण एका फेऱ्यात हवेचे आठ झटके बाहेर पडतात आणि सेकंदाला जितके झटके तितके हर्ट्झचा सूर. दोन पोलची मोटर आपल्या 50 हर्ट्झच्या विजेवर मिनिटाला साधारण 2,850 फेरे घेते, म्हणजे सेकंदाला 47.5, गुणिले आठ, 380 हर्ट्झ. दुसऱ्या दिवशी 10:59 ला बटण दाबलं, तो गुरगुरत वर चढला आणि फोनच्या सूर मोजणाऱ्या ॲपवर रेघ 377 ला येऊन थांबली!! तिघांच्याही अंगावर काटा आला. खालचा रस्ता थांबला, रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं, आणि आम्हीही रेकॉर्डर चालू ठेवून मान खाली घालून उभे राहिलो. याच गावच्या चौघांना 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी दिलं, चार हुतात्मा चौक त्यांचाच, तर त्या गावात ही दोन मिनिटं मला वेगळी वाटली.

सायरन बंद केल्यावर लगेच रेकॉर्डिंग थांबवू नका. रोटर जड असतो, हळूहळू सूर उतरत जातो आणि बेअरिंग कुरकुरत असेल तर ते तेव्हाच ऐकू येतं. आमच्या सायरनचं शेवटी कुरकुरलं. तिथल्या वायरमन काकांना ऐकवलं तर ते म्हणाले, ग्रीस भरून तीन वर्षं झाली असतील, सोमवारी भरतो.

जाणार असाल तर: आवाज घ्यायला गच्चीवर थांबू नका, दोनशे मीटर लांब उभं राहा, जवळ माइक फाटतो आणि कानाला त्रास होतो, इअरप्लग न्याच. ड्रोन नको. स्वतः बटण दाबायचा हट्ट तर अजिबात नको, वर खाली होणारा आवाज म्हणजे हवाई हल्ल्याचा इशारा, लोक घाबरतात. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा असते, तेव्हा लॉज भरलेले असतात. उन्हाळ्यात गच्चीचा पत्रा हात लावू देत नाही. कडक भाकरी आणि शेंगा चटणी बांधून घ्या, परतीच्या गाडीत बरी पडते.

2027 ला 30 जानेवारी शनिवारी येतेय, सरकारी कचेऱ्यांना सुट्टी, त्यामुळं कोण वाजवणार ते शुक्रवारीच विचारून ठेवा. आणि ज्यांनी वर सोडलं त्यांना रेकॉर्डिंग पाठवा, आम्ही वायरमन काकांना पाठवलं, त्या चहाच्या गाड्यावरच्या मामांनाही त्यांच्या नातवाच्या फोनवर.