हैदरशी हातमिळवणी कशी काय?

पेशवाईवर बोलायला कुठे गेलो की शेवटी हा प्रश्न हमखास येतो: हैदर अली मराठ्यांचा हाडवैरी, मग नाना फडणविसांनी त्याच्याशी संधान बांधलंच कसं? विचारणाऱ्याच्या सुरात जराशी तक्रारही असते.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. राघोबादादांचा कैवार घेऊन इंग्रज 1775 पासून पुण्याशी लढत होते. 1780 उजाडेपर्यंत इतरांचीही त्यांच्याशी बिनसली, पण प्रत्येकाचं दुखणं निराळं. मद्रासच्या इंग्रजांनी परस्पर गुंटूर घेतलं म्हणून निजाम चिडलेला. हैदरचा राग जुना: 1769 च्या तहात कबूल केलेली मदत इंग्रजांनी दिली नव्हती, वर त्याच्या आश्रयाखालचं फ्रेंचांचं माहे जिंकून घेतलं. नानांनी ही दुखणी एकत्र बांधली. हैदरने मद्रासवर जायचं, निजामाने उत्तर सरकारांवर (म्हणजे आंध्र किनाऱ्यावरच्या इंग्रजांच्या जिल्ह्यांवर), नागपूरकर भोसल्यांनी बंगालवर आणि मुंबईकडची बाजू पुण्याने सांभाळायची.

हैदर फुकट आला नाही. नारायणरावांच्या खुनानंतरच्या गोंधळात त्याने कृष्णेपर्यंतचा मुलूख गिळला होता. तो नानांनी त्याच्याकडेच राहू दिला, खंडणीही कमी केली. ज्या हैदरला थोरल्या माधवरावांनी स्वारीमागून स्वारी करून नमवलं, त्यालाच हे लिहून द्यायचं! पण किंमत मिळालेला हा गडी खरोखर लढला. सप्टेंबर 1780 मध्ये पोल्लिलूरला त्याने इंग्रजांच्या कर्नल बेलीची अख्खी तुकडी बुडवली.

बाकी दोघांची नाराजी इंग्रजांचा कलकत्त्याचा गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जने नेमकी हेरली. गुंटूर परत दिलं, निजाम थंड. मुधोजी भोसल्यांची फौज रमतगमत कटकला पोचली आणि पैसे घेऊन गप्प बसली. 1781 मध्ये हैदरविरुद्ध मद्रासच्या मदतीला निघालेली कर्नल पिअर्सची बंगाली फौज भोसल्यांच्याच मुलखातून बिनधोक गेली. नागपूरकरांचा राग धरणाऱ्यांनी एवढं लक्षात घ्यावं की कलकत्त्याशी वैर धरून त्यांच्या पदरात काय पडणार, हे पुण्याने कधी नीट सांगितलंच नव्हतं.

पुढे पुण्यानेही तेच केलं. मे 1782 मध्ये महादजी शिंद्यांनी सालबाईचा तह ठरवला. त्यात हैदरने इंग्रजांचा आणि त्यांचा मित्र अर्काटच्या नवाबाचा जिंकलेला मुलूख परत करावा, असं कलम आहे. हैदर तेव्हा अजून लढतच होता. नानांनी तहावर शिक्कामोर्तब लांबवलं, ते डिसेंबरात हैदर वारेपर्यंत. 1790 मध्ये टिपूविरुद्ध इंग्रज आणि निजामाशी तह झाला, तोही नानांच्याच कारभारात.