प्रोस्टेटची शस्त्रक्रिया आणि मी न विचारलेला प्रश्न

कोथरूडहून स्वारगेटला बसने जायचे म्हटले तरी निघण्यापूर्वी मला दोनदा लघवीला जाऊन यावे लागे, आणि रात्री चार-पाच वेळा उठणे तर ठरलेलेच होते. वयाच्या ६४व्या वर्षी गोळ्यांचाही उपयोग होईना, तेव्हा डॉक्टरांनी टीयूआरपी, म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून प्रोस्टेटचा, म्हणजे मूत्राशयाखाली मूत्रमार्गाभोवती असलेल्या पुरुषांमधील ग्रंथीचा, वाढलेला आतला भाग खरवडून काढण्याची शस्त्रक्रिया सुचवली. यानंतर पतिपत्नीच्या संबंधांचे काय होणार, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता; पण शेजारी मुलगा बसलेला असल्यामुळे मी तो गिळला. संमतीपत्रात त्याविषयी इंग्रजीत एक ओळ होती. ती न वाचता मी सही केली, हे खरेच. परंतु रुग्णालयात कोणी ती समजावून सांगितलीही नाही, याचे मला आजही वाईट वाटते.

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली. तीन दिवसांनी लघवीची नळी निघाली, आणि सहा आठवडे संबंध टाळण्यास सांगितले होते तेही पाळले. त्यानंतर पहिल्यांदा जवळ आलो, तेव्हा ताठरता पूर्वीसारखीच होती, सुखाचा क्षणही आला, पण वीर्य बाहेर आलेच नाही. नंतरची लघवी तांदळाच्या धुवणासारखी गढूळ दिसली आणि आत काहीतरी कायमचे बिघडले, अशी माझी खात्री झाली. महिनाभर मी बाहेरच्या खोलीत झोपत होतो. शेवटी पत्नीनेच विचारले, "अहो, माझं काही चुकलं का?" त्या एका वाक्याने मी हललो, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी चिठ्ठीच्या मागच्या बाजूला चित्र काढले. मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू स्खलनाच्या वेळी आवळला जातो, म्हणून वीर्य पुढे जाते. ग्रंथी खरवडताना ते तोंड रुंद होते आणि वीर्य मागे मूत्राशयात जाऊन पुढे लघवीवाटे निघून जाते. त्याने अपाय होत नाही. या शस्त्रक्रियेनंतर दहापैकी सहा-सात पुरुषांना हा अनुभव येतो, आणि तो बहुधा कायम राहतो. ताठरतेच्या नसा मात्र ग्रंथीच्या आवरणाबाहेरून जातात व खरवडणे आवरणाच्या आत होते, त्यामुळे ताठरता जाण्याचे प्रमाण त्या मानाने बरेच कमी असते. कॅन्सरसाठी संपूर्ण ग्रंथी काढतात, ती गोष्ट वेगळी. ज्यांना अजून मूल हवे आहे, त्यांनी हे शस्त्रक्रियेपूर्वीच बोलले पाहिजे, कारण स्खलन टिकण्याची शक्यता अधिक असलेले इतर उपचारही आहेत. उलट, वीर्य दिसत नाही म्हणून गर्भ राहणारच नाही, असेही धरून चालता येत नाही.

सुखाचा तो क्षण मला अजूनही थोडा अपुरा वाटतो, हे मी नाकारणार नाही. पत्नीला मात्र त्यात काहीच उणे वाटले नव्हते. तिला लागले होते ते माझे महिनाभराचे न बोलणे, आणि रिक्षातून घरी येताना तिने ते मला स्पष्ट सांगितले.