टॅक्सीइंगचा वेग आणि कारणे दाखवा नोटीस

वेतन कराराची बोलणी फिसकटली आणि थोड्याच दिवसांत मला कारणे दाखवा नोटीस आली. मी वैमानिक आहे. माझ्या काही उड्डाणांच्या आधी विमान धावपट्टीपर्यंत किती वेगाने नेले, म्हणजे टॅक्सीइंगचा वेग किती होता, याचा तक्ताच तिला जोडला होता. आरोप असा, की वैमानिक संघटनेच्या सांगण्यावरून मी मुद्दाम संथ काम करतो. थकव्यामुळे नाकारलेली एक ड्युटीही त्याच तक्त्यात होती.

आरोपापेक्षा तो तक्ता मला जास्त झोंबला. हे आकडे विमानातल्या क्विक अ‍ॅक्सेस रेकॉर्डरमधले, म्हणजे उड्डाणाचा डेटा सहज काढून घेता येईल अशा नोंदयंत्रातले. २७,००० किलोंहून जड विमानांसाठी फ्लाइट डेटाचे विश्लेषण आयकाओच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, परिशिष्ट ६ ने बंधनकारक केले आहे. ते दंडात्मक नसावे आणि ज्यांचा डेटा आहे त्यांना संरक्षण मिळावे, हेही तिथेच लिहिले आहे. आमच्याकडे नावे फक्त गेटकीपरला दिसतात. हा गेटकीपर संघटनेने नेमलेला वैमानिक असतो. चाके जोरात टेकली किंवा उतरताना वेग जास्त राहिला तर तो फोन करून विचारतो, आणि कारण नाव वगळून सुरक्षा विभागाला कळवतो. या भरवशावरच आम्ही मोकळेपणाने बोलतो.

"कॅप्टन, खुलासा घाईने लिहू नका," संघटनेच्या प्रतिनिधींनी पहिल्याच फोनवर सांगितले. आधी आम्ही लेखी विचारले: हा डेटा कोणी उघडला, कशासाठी, कोणाच्या परवानगीने? उत्तर येईपर्यंत मी एकेक उड्डाण काढून बसलो. कुठे टॉवरने थांबवले होते, कुठे पुढे विमानांची रांग होती, कुठे टॅक्सीवे ओला होता. आमच्या पुस्तिकेत सरळ मार्गावर ३० नॉट आणि वळणावर १० नॉट लिहिले आहेत. ती कमाल मर्यादा आहे. तितक्या वेगाने गेलेच पाहिजे असे कुठेही म्हटलेले नाही.

वकिलांनी एका बाबतीत सावध केले. २०११ मध्ये यूएस एअरवेज आपल्याच वैमानिक संघटनेविरुद्ध अमेरिकेच्या न्यायालयात गेली, तेव्हा उशीर, थकव्याचे कॉल आणि दुरुस्तीच्या नोंदी यांची आकडेवारी पुढे करून तिने संथ कामाविरुद्ध मनाई हुकूम मिळवला होता. म्हणून संघटनेच्या भूमिकेबद्दल वाद घालायचा नाही, फक्त त्या त्या उड्डाणात काय घडले तेवढेच सांगायचे, असे ठरले.

नोंदी तपासाव्यात याला माझा विरोध नाही. २००९ च्या कोलगन एअर अपघातात ५० माणसे गेली. त्यानंतर एनटीएसबी या अमेरिकेच्या अपघात तपास संस्थेने कॉकपिटमधले ध्वनिमुद्रण नियमित तपासण्याची शिफारस केली आणि वैमानिक संघटनांनी तिला विरोध केला. शिफारशीमागची तळमळ मला कळते, विरोधही पटतो. आपले प्रत्येक वाक्य उद्या शिस्तभंगाच्या फायलीत जाईल असे वाटले, तर शेजारी बसलेला को-पायलट माझी चूक दाखवताना कचरेल. तो कचरला की धोका वाढलाच.

सुनावणीत खरी गोष्ट बाहेर आली. गेटकीपरने काहीच दिले नव्हते. तोच डेटा इंधन बचतीच्या सॉफ्टवेअरमध्येही जात होता, तिथे नावे झाकलेली नव्हती आणि ऑपरेशन्स विभागाने तो तिथून उचलला होता. डेटाच्या वापराबद्दलच्या करारात फक्त सुरक्षा विभागाचा उल्लेख असल्याने हे मागचे दार कोणाच्या लक्षातच आले नव्हते. थकव्याबद्दल मी रोस्टर पुढे ठेवले. ड्युटीला येण्याइतकी विश्रांती झाली नाही हे वैमानिकाने स्वतः सांगायचे असते, आणि मी तेच केले होते.

नोटीस मागे घेतली गेली, पण थकव्याची नोंद माझ्या सेवा-फायलीतून काढलेली नाही. त्यासाठी वेगळा अर्ज दिला आहे. दरम्यान काही सहकाऱ्यांनी स्वेच्छा सुरक्षा अहवाल लिहिणे थांबवले. मी त्यांना लिहा असे सांगतो, पण पूर्वीच्या खात्रीने सांगता येत नाही. गेटकीपरची अट इंधन विभागालाही लागू करावी ही मागणी आता वेतनाच्या मागण्यांच्या बरोबरीने टेबलावर आहे. कंपनीने ती अजून मान्य केलेली नाही.