वेचणी तोंडावर आणि लेकरू अंगावर

"काकू, पोराचं दूध कधी तोडायचं?" पोळा झाला की गावातली एखादी तरी सून मला हे विचारतेच. कापसाला बोंडं धरलेली असतात, दसरा-दिवाळीत वेचणी सुरू होणार असते आणि लेकरू अजून अंगावर पीत असतं. यंदाही तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

थोरलीचं दूध मी चौदाव्या महिन्यात एका रात्रीत तोडलं. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. घडीघडी शेताच्या धुऱ्यावर येऊन पाजत बसलं तर कमरेची कापसाची ओटी भरत नाही. सासूबाईंनी कडूनिंबाचा पाला वाटून दिला, तो मी लावला. पोरीनं तोंड लावलं आणि थू केलं. पण रडली नाही. माझा पदर ओढला आणि आपल्या तळव्यानं ते हिरवं पुसायला लागली. आईला काहीतरी लागलंय, असं तिला वाटलं असावं. पुसून झाल्यावर तिनं वर माझ्याकडे पाहिलं, आणि मी कूस बदलली. ती आता बारावीत आहे, तरी तो हात माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आठ दिवसांनी तिला हगवण लागली. ती दूध तोडल्यानंच लागली, असं मी म्हणणार नाही. पण दुखण्यात लेकरू भाकर-वरण नाकारतं, तेव्हाही अंगावर बहुतेक पितं. आणि माझं तर आटत आलं होतं. चमच्या-चमच्यानं ओआरएसचं पाणी पाजून आम्ही रात्री काढल्या. अंगणवाडीच्या काट्यावर ती अर्धा किलोनं उतरली होती.

"वर्षानंतर त्या दुधात काय राहते, नुसतं पाणी," असं आपल्याकडे म्हणतात. ते खरं नाही. पहिले 6 महिने फक्त आईचं दूध आणि पुढे वरच्या जेवणासोबत 2 वर्षं किंवा त्याहून जास्त, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुसऱ्या वर्षातही लेकराला लागणाऱ्या ताकदीचा तिसरा हिस्सा या दुधातून मिळू शकतो.

धाकट्याचं मी सव्वादोन वर्षांनी सोडवलं, तेही सावकाश. आधी दुपारचं. त्या वेळेला तो ताटात बसायचा, वरणात कुस्करलेली भाकर आणि शेंगदाण्याचा कूट. महिनाभरानं पहाटेचं. रात्रीचं शेवटी, कारण ते त्याला भुकेसाठी नव्हे, झोपेसाठी लागायचं. मग त्याचे बाबा त्याला थोपटून निजवायला लागले. छाती ताठली की मी हातानं थोडं दूध काढून टाकायची, दुखणं उतरेल एवढंच. गाठ लाल होऊन ताप आला तर मात्र घरी बसू नका, दवाखान्यात जा.

ऐन उन्हाळ्यात तोडू नका, लेकरू आजारी असताना तर नकोच.

शेजारच्या सुनेचं पोरगं 15 महिन्यांचं आहे. तिला मी म्हटलं, "तोडू नको बाई. जाताना पाज, आल्यावर पाज, रात्री पाज. दुपारचं आजी भरवेल." आजीही तिथंच बसल्या होत्या. थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "भरवीन नं. काहून नाही भरवणार?"