रिकामा रकाना: आमच्या सहल व्यवसायाची वाटचाल

आमचा व्यवसाय सुरू झाला तो लोकांच्या आंघोळीच्या निमित्ताने. २००३ च्या सिंहस्थात रामकुंडावर स्नानाला येणाऱ्या बाहेरगावच्या मंडळींची राहण्याची सोय लावायची, त्यांना त्र्यंबकेश्वरला नेऊन आणायचे आणि नाशिकरोडला परतीच्या गाडीत बसवून द्यायचे, एवढे काम माझे यजमान आणि मी पंचवटीतल्या एका भाड्याच्या गाळ्यातून करत होतो. सिंहस्थ आटोपला की गाळा सोडायचा, असे घरात ठरले होते. परंतु त्याच यात्रेकरूंपैकी काहींनी पुढल्या वर्षी आम्हाला चारधामला न्याल का, असे विचारले आणि गाळा राहिला. आज आमच्या कामाचा निम्मा भाग पुन्हा आंघोळीपाशीच येऊन थांबला आहे; मात्र ही आंघोळ बुडापेस्ट, कार्लोव्ही व्हारी किंवा जपानमधल्या बेप्पूसारख्या गरम झऱ्यांच्या ठिकाणची असते आणि तिच्यासाठी लोक पासपोर्ट काढून, रजा टाकून जातात. आमच्या धंद्यात या प्रवासाला वेलनेस टुरिझम म्हणतात.

पहिली परदेशी सहल आम्ही २००९ मध्ये काढली. सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड, छत्तीस माणसे, सोबत स्वयंपाकाचे महाराज आणि दोन पोती भरून चिवडा, लोणची व पिठे. त्या काळी चांगली सहल म्हणजे भरगच्च सहल, हे समीकरण आमच्या आणि ग्राहकांच्याही मनात पक्के होते. कार्यक्रमपत्रिकेत सकाळी सहाच्या चहापासून रात्री नऊच्या जेवणापर्यंत एकही तास मोकळा दिसता कामा नये, कारण मोकळा तास म्हणजे टूरवाल्याने पैसे वाचवले, असाच अर्थ लोक काढत. ‘तुमच्यापेक्षा त्यांच्या सहलीत दोन ठिकाणे जास्त आहेत,’ हे वाक्य मी किती वेळा ऐकले असेल, याची गणती नाही.

२०१३ मध्ये बँकेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या एक काकू कार्यालयात आल्या. आमच्याबरोबर त्या थायलंडला जाऊन आल्या होत्या. ‘मला पुन्हा तिथेच जायचे आहे, पण या वेळी काहीही बघायचे नाही,’ असे त्या म्हणाल्या. मला वाटले, त्या तक्रार करायला आल्या आहेत. प्रत्यक्षात मागच्या खेपेस बँकॉकच्या वाट फो मंदिरात निजलेल्या बुद्धाची मूर्ती पाहून झाल्यावर, बस निघायला अवकाश होता म्हणून त्यांनी मंदिराच्या आवारात अर्धा तास मालिश करून घेतली होती, आणि संपूर्ण सहलीतले तेवढेच त्यांच्या लक्षात राहिले होते. पस्तीस वर्षांच्या नोकरीत आणि संसारात आपल्याला कोणी हात लावून विचारले नाही की कुठे दुखते आहे, असे त्या सहज बोलून गेल्या. मी त्यांना सात दिवसांचा मुक्काम एकाच ठिकाणी ठरवून दिला. आमच्या या शाखेची सुरुवात त्या एका तिकिटापासून झाली.

येथे एक खुलासा करणे आवश्यक आहे, कारण आजही निम्मे फोन या गैरसमजातून येतात. शस्त्रक्रिया, दातांचे काम किंवा आजारावरचा उपचार यांसाठी परदेशी जाणे हा वैद्यकीय पर्यटनाचा भाग आहे आणि त्यात आम्ही नाही. वेलनेस म्हणजे जो माणूस चालता-फिरता आहे, त्याने आपली झोप, पाठ, पचन किंवा मन थोडे ताळ्यावर आणण्यासाठी केलेला प्रवास. ग्लोबल वेलनेस इन्स्टिट्यूट ही संस्था अशा प्रवाशांचे दोन गट करते: केवळ याच हेतूने निघणारे आणि अन्य कारणाने निघून वाटेत याचा लाभ घेणारे. तिच्या अंदाजानुसार २०२२ साली जगभरात या पर्यटनावर सुमारे ६५१ अब्ज डॉलर खर्च झाले, आणि त्यातला मोठा वाटा दुसऱ्या गटाचा असतो. आमच्या वह्या चाळल्या तरी हेच दिसते. मुलाकडे जर्मनीला निघालेले आई-वडील परतताना चार दिवस झऱ्यांच्या गावी राहतात, आणि मसाजसाठी म्हणून स्वतंत्र निघणारे अजूनही थोडेच.

थायलंड आमच्या ग्राहकांना सर्वांत आधी रुचले, त्याची कारणे नुसती स्वस्ताईची नाहीत. तिथली मालिश कपडे घालून, तेलाशिवाय, जमिनीवरच्या गादीवर होते, त्यामुळे संकोच कमी. ती परंपरा ज्यांना आपला आद्य गुरू मानते ते जीवक, म्हणजे बुद्धांचे वैद्य. ही गोष्ट सांगितली की आमच्या गटातल्या अनेकांना ते ठिकाण एकदम ओळखीचे वाटू लागते. ‘नुआद थाई’ या पारंपरिक मालिशीला २०१९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. जेवणाचा प्रश्न मात्र सुरुवातीला फार छळत असे, कारण तिथे भाजीतही माशाचा सॉस घालतात आणि विचारल्यावर हसून ‘शाकाहारी’ म्हणतात. पुढे आमच्या तिथल्या गाइडताईंनी ‘जे’ हा शब्द शिकवला. पिवळ्या पट्टीवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असेल, तर त्या खाण्यात मांस-मासे तर नसतातच, पण कांदा-लसूणही नसतो. आमच्या जैन ग्राहकांसाठी कंदमुळांचा प्रश्न उरतोच, तरी निम्मी लढाई त्या एका अक्षराने जिंकली.

व्यवसाय म्हणून खरी अडचण आमच्या स्वतःच्या सवयीची होती. पंचवीस-तीस माणसांचा गट बसमध्ये घालून फिरवण्यात तरबेज असलेल्या टूर मॅनेजरला दहा जणांसोबत एकाच गावी आठ दिवस राहा आणि त्यांना त्रास देऊ नको, असे सांगितले, तर तो तिसऱ्या दिवशी अस्वस्थ होतो. टूर मॅनेजर म्हणून गेलेला आमचा मुलगा तिसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांसाठी अंताक्षरी ठेवून मोकळा झाला होता. कार्यक्रमपत्रिकेचेही तेच. तिसऱ्या आणि पाचव्या दिवसाचा रकाना आम्ही मुद्दाम कोरा ठेवू लागलो, तेव्हा सिन्नरच्या एका ग्राहकांचा फोन आला की छपाईत चूक झालेली दिसते, दुरुस्त प्रत पाठवा. त्यांना तो रकाना कोराच आहे, हे पटवायला मला जेवढा वेळ लागला तेवढ्यात एरवी दोन चारधाम विकले गेले असते. मोकळ्या वेळेचे पैसे मागताना आजही माझी जीभ थोडी अडखळते, हे मान्य करते.

चूकही आमच्याकडून झाली. २०१७ मध्ये बुडापेस्टला पहिला गट नेला, तेव्हा शहर फिरून आल्या आल्या सगळ्यांना सेचेनी स्नानगृहात उतरवले. १९१३ मध्ये उघडलेली ती पिवळी राजवाड्यासारखी इमारत, थंडीत उघड्या तलावावर उठणारी वाफ आणि छातीभर पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळणारी म्हातारी माणसे पाहून आमची मंडळी हरखून गेली आणि कोणाला वेळेचे भान राहिले नाही. रक्तदाबाची गोळी घेणारे एक दादा जवळजवळ पाऊण तासाने पाण्याबाहेर आले आणि पायरीवरच डोळे फिरवून बसले. तिथल्या सेवकांनी त्यांना आडवे करून पाय उंच ठेवले, पाणी पाजले आणि अर्ध्या तासात ते ठीक झाले. पण त्या अर्ध्या तासात मला कळले की या माणसाला कोणती औषधे चालू आहेत, हे आम्ही कधी विचारलेलेच नव्हते. गरम पाण्यात रक्तवाहिन्या रुंदावतात आणि रक्तदाब उतरतो, त्यात गोळीचा परिणाम, उपाशी पोट आणि चालून आलेला थकवा. तेव्हापासून नावनोंदणीच्या अर्जासोबत प्रकृतीचा अर्ज असतो, तो आम्ही आमच्या डॉक्टरांकडून तयार करून घेतला, आणि पाण्यात एका वेळी पंधरा मिनिटे हा नियम मोडणाऱ्याला टूर मॅनेजर हाक मारून बाहेर काढतो. हृदयरोग असलेल्यांनी आणि गरोदर महिलांनी स्वतःच्या डॉक्टरांचे लेखी पत्र आणल्याशिवाय आम्ही नोंदणी घेत नाही, मग ग्राहक गेला तरी चालेल.

चेक प्रजासत्ताकातील कार्लोव्ही व्हारी हे माझे स्वतःचे आवडते गाव. २०२१ मध्ये युनेस्कोने सात देशांतल्या अकरा झऱ्यांच्या नगरांना मिळून जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यात ते आहे. तिथे मुख्य काम पाण्यात बसण्याचे नाही, पाणी पिण्याचे आहे. चपटा चिनीमातीचा कप मिळतो, त्याचा कान आतून पोकळ असतो आणि त्या कानातूनच घोट घ्यायचा. आमच्या गटातल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी तो हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि ‘ही तर झारीच की,’ म्हणाल्या. स्तंभांच्या लांब ओसरीतून लोक कप हातात धरून हळूहळू येरझारा घालतात, कोणी घाईत नसते. मुख्य झरा, व्रीद्लो, बारा मीटरपर्यंत उसळतो आणि त्याचे पाणी सुमारे ७३ अंशांचे असते. चव खारट, लोखंडी, पहिल्या घोटाला नकोशी. बाईंनी तीन दिवस नाक मुरडत ते प्यायले आणि चौथ्या दिवशी माझ्याआधी तयार होऊन खाली उभ्या होत्या. तिथल्या जुन्या पद्धतीत डॉक्टर कोणत्या झऱ्याचे किती पाणी, कोणत्या वेळी, हे लिहून देतात आणि उपचार तीन आठवड्यांचा असतो. आम्ही पाच दिवस नेतो. पाच दिवसांत पचन सुधारेल असे आमच्या जाहिरातीत कधी लिहिलेले नाही, आणि कोणी लिहिले असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये.

जपानसाठी मात्र तयारी करून घ्यावी लागते. ओन्सेनमध्ये, म्हणजे तिथल्या गरम झऱ्याच्या स्नानगृहात, विवस्त्र उतरावे लागते; स्त्री-पुरुषांची कुंडे वेगळी असली तरी आमच्याकडच्या बायका हे ऐकूनच मागे सरतात. मी त्यांना पद्धत सांगते: आधी छोट्या बुटक्या स्टुलावर बसून, बादलीने पाणी घेत, अंग घासून स्वच्छ आंघोळ करायची आणि मगच कुंडात शिरायचे, छोटा पंचा पाण्याला लागू द्यायचा नाही. ‘म्हणजे दिवाळीचे अभ्यंग, फक्त उटणे नाही,’ असे एकदा कोणी म्हणाले आणि निम्मी भीती गेली. ज्यांना तरीही जमत नाही, त्यांच्यासाठी तासाने भाड्याने मिळणारे खासगी कुंड आम्ही आधीच राखून ठेवतो. गोंदवलेले असेल तर अनेक ठिकाणी प्रवेश नाकारतात, हेही आधी सांगावे लागते, कारण हातावर नाव गोंदवून घेतलेल्या आजी आमच्या गटात असतातच.

मला नेहमी विचारले जाते की तासाभरावर इगतपुरीला धम्मगिरी असताना लोकांना थायलंडला कशाला पाठवता. प्रश्न रास्त आहे. तिथे १९७६ पासून विपश्यनेची शिबिरे चालतात, दहा दिवस मौन असते आणि शुल्क घेत नाहीत, साधकांच्या दानावर ते केंद्र चालते. ज्यांना मनाचे काम गांभीर्याने करायचे आहे, त्यांना मी तिथेच जायला सांगते. पंचकर्म हवे असेल तर केरळचे नाव सुचवते, आणि त्यात आम्हाला काही मिळत नाही. परदेशी जाणाऱ्याला मात्र बहुधा दुसरेच काही हवे असते. इगतपुरीत असताना घरचे निरोप मनात येतच राहतात. फुकेतला मोबाइलचे रोमिंग न घेता बसलेल्या सूनबाईंना गॅस संपला म्हणून कोणी फोन करत नाही. अंतर हाच त्यांच्या विश्रांतीचा मोठा भाग असतो.

हिशेबाचा भाग थोडक्यात सांगते. मार्च २०२० ते मार्च २०२२ या दोन वर्षांत परदेशी सहली जवळजवळ बंद होत्या आणि घेतलेली आगाऊ रक्कम परत करताना आम्ही एक गाडी विकली. मधल्या काळात, ऑक्टोबर २०२० पासून परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने ग्राहकाकडून आधीच गोळा करायचा कर, लागू झाला. तो प्राप्तिकराच्या विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हे समजावण्यात आमच्या सीएंचा बराच वेळ जातो. नोव्हेंबर २०२३ मध्ये थायलंडने भारतीयांना व्हिसाची अट काढून टाकली आणि चौकशा एकदम वाढल्या. युरोपसाठी मात्र बोटांचे ठसे द्यायला मुंबईची वारी आणि किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा लागतोच. तो विमा अचानक आलेल्या आजारपणासाठी असतो, मसाजच्या बिलासाठी नाही, हे सांगण्याची वेळ एकदा खरोखर आली. जून २०२५ मध्ये इगतपुरी ते आमणे हा समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाल्यापासून विमानतळाला निघताना कसारा घाटातल्या कोंडीचा हिशेब करावा लागत नाही, याचा आनंद आमच्या चालकांना सर्वाधिक आहे.

२०२७ च्या सिंहस्थात ऑगस्ट आणि सप्टेंबर या दोन महिन्यांत आम्ही एकही परदेशी गट काढणार नाही. पंचवटीतला गाळा अजून आमच्याकडेच आहे, गाड्या आणि माणसे इथेच लागतील, आणि २००३ मध्ये आलेल्या काही कुटुंबांनी खोल्यांसाठी आतापासून फोन केले आहेत. जपानचा गट त्यानंतर नोव्हेंबरमध्ये निघेल. त्याच्या कार्यक्रमपत्रिकेतले तीन रकाने कोरे आहेत.