पोटॅशच्या पोत्यापासून वेरूळच्या पाषाणापर्यंत

आयन (इलेक्ट्रॉन गमावलेला किंवा मिळवलेला अणू) आणि समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे, पण न्यूट्रॉनांची संख्या वेगळी असलेले अणू) यांच्या व्याख्या मुलांना पाठ असतात, पण उत्तरपत्रिकेत या दोहोंची हमखास अदलाबदल होते. माझ्या मते याचे मूळ उदाहरणांच्या निवडीत आहे. आयनासाठी सोडियम आणि समस्थानिकांसाठी हायड्रोजन घेतला, की दोन्ही गोष्टी एकाच मूलद्रव्यात दिसतात हे ध्यानातच येत नाही. मराठवाड्यातल्या शिक्षकांनी त्याऐवजी पोटॅशियम घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन, कारण ते आपल्या काळ्या जमिनीत आहे आणि वेरूळच्या काळ्या पाषाणातही.

पोटॅशियमच्या केंद्रकात १९ प्रोटॉन असतात आणि भोवतीच्या कवचांत २, ८, ८, १ असे १९ इलेक्ट्रॉन. शेवटचा एकटा इलेक्ट्रॉन सहज निघून जातो आणि धन आयन उरतो. खरिपाच्या तोंडावर घरी येणाऱ्या पोटॅशच्या पोत्यात, म्हणजे पोटॅशियम क्लोराईडमध्ये, तो याच रूपात असतो. लालसर खडे पाण्यात विरघळले की पोटॅशियमचे धन आयन आणि क्लोराईडचे ऋण आयन सुटे होतात. कपाशीची मुळे शोषतात तोही हाच आयन. पोटॅशियम धातूचा तुकडा मात्र पाण्यात पडताच पेट घेतो. एका इलेक्ट्रॉनने एवढा फरक पडतो.

न्यूट्रॉनची गोष्ट निराळी. बहुतेक पोटॅशियम अणूंत ते २० असतात, काहींत २२, आणि सुमारे साडेआठ हजारांत एखाद्यात २१. हे तिन्ही समस्थानिक पिकाला जवळपास सारखेच, कारण रासायनिक वर्तन इलेक्ट्रॉन ठरवतात. पण २१ न्यूट्रॉनांचा पोटॅशियम-४० (१९ प्रोटॉन + २१ न्यूट्रॉन = ४०) किरणोत्सारी असून त्याचा अर्धायुष्यकाल, म्हणजे त्यातले निम्मे अणू बदलून जायला लागणारा काळ, सुमारे १२५ कोटी वर्षे आहे. त्यातल्या काही केंद्रकांत एक प्रोटॉन आतल्या कवचातला इलेक्ट्रॉन पकडून न्यूट्रॉन होतो, प्रोटॉन १८ उरतात आणि पोटॅशियमचा अरगॉन वायू होतो. इथे मुलांना जरूर विचारावे: पोटॅशियमच्या आयनात १८ इलेक्ट्रॉन आणि अरगॉनच्या अणूतही १८, मग दोन्ही एकच का नाहीत? प्रोटॉन मोजले की मुले स्वतःच उत्तर देतात.

याच बदलावरून दख्खनच्या बेसाल्टचे, म्हणजे लाव्हा थिजून झालेल्या आपल्या काळ्या पाषाणाचे, वय काढतात. लाव्हा वितळलेला असताना आधीचा अरगॉन बहुतांशी निसटून जातो; खडक थिजल्यावर तयार होणारा मात्र स्फटिकांत अडकून राहतो. तो मोजून हे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे ठरले आहेत, आणि कैलास लेणे अशाच थरांत वरून खाली कोरलेले आहे. वास्तविक पोटॅशियम-४०च्या दर दहा ऱ्हासांपैकी जवळजवळ नऊंतून कॅल्शियम तयार होते, पण बेसाल्टमध्ये मुळातच इतके कॅल्शियम असते की त्यात हे नवे वेगळे ओळखणे फार अवघड होते. म्हणून मोजायचा तो अरगॉनच.