आता रंगीत होतं बघ

आमच्या घरात तीन गोष्टी चारचौघांत बोलायच्या नसतात: गावच्या जमिनीचा वाटा, धाकट्या काकांचं मोडलेलं लग्न आणि मला 'मुघल-ए-आझम' आवडत नाही, हे. तिसरी मागच्या दिवाळीत मीच बोलून बसले, चकल्या पाडता पाडता. आत्याच्या हातातला सोऱ्या थांबला.

"आवडत नाही म्हणजे?"

मला वरणभात आवडत नाही असं म्हटलं असतं, तरी तिला एवढा धक्का बसला नसता.

तिचा या सिनेमावर हक्कच आहे म्हणा. ५ ऑगस्ट १९६० ला तो मराठा मंदिरला लागला तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि घर भायखळ्याला. तिकिटांसाठी लोक घरचे डबे मागवून रांगेत रात्री काढत. आजोबाही त्या रांगेत होते. शेवटी तिकीट मिळालं की नाही, यावर घरात दोन मतं आहेत. आत्या म्हणते मिळालं.

मी प्रयत्न केला नाही असं कुणी म्हणू नये. तीनदा बसले, आणि सिनेमा १९७ मिनिटांचा आहे. पण अकबर झालेले पृथ्वीराज कपूर बायकोशीसुद्धा भर दरबारात असल्यासारखे बोलायला लागले की माझं लक्ष त्यांच्या मागच्या खांबांवर जातं. बंडखोर सलीम मला सारखा तापातून उठल्यासारखा वाटतो. आणि तीन तास ताणून शेवटी काय, तर भिंतीमागे भुयार! मला पटते ती एकटी दुर्गा खोट्यांची जोधाबाई. बाप-लेकाच्या भांडणात दोन्हीकडून भरडली जाणारी बाई आमच्याही घरात होती.

आणि ते पीस. हिंदी सिनेमातला सगळ्यात शृंगारिक प्रसंग म्हणून जाणकार त्याच्याकडे बोट दाखवतात. सलीम अनारकलीच्या चेहऱ्यावरून पांढरं पीस फिरवतोय, लांब कुठेतरी तानसेन सोहनी गातोय. आवाज बडे गुलाम अली खाँसाहेबांचा. लता-रफी एका गाण्याचे पाचशेच्या आत घेत असत त्या काळात खाँसाहेबांनी पंचवीस हजार सांगितले, समोरच्याने आपणहून नाद सोडावा म्हणून, तर दिग्दर्शक के. आसिफ लगेच हो म्हणाले, अशी गोष्ट सांगतात. डोळे मिटून ऐकलं की माझ्याही अंगावर काटा येतो. डोळे उघडले की मात्र मला फक्त पीस दिसतं. ते मधुबालाच्या नाकापाशी आलं की मी श्वास धरून बसते. आता शिंकणार बिचारी. दुसऱ्या वेळी हे मी नवऱ्याच्या कानात सांगितलं, तेव्हापासून त्यालाही तो प्रसंग धड बघता येत नाही.

पहिली वेळ लहानपणची. गणपतीत भाड्याने व्हीसीआर आणला होता, टीव्ही आमचाच, ब्लॅक अँड व्हाइट. बारा-तेरा माणसं सतरंजीवर. 'प्यार किया तो डरना क्या' सुरू व्हायच्या बेताला आत्याने माझं मनगट धरलं. "आता रंगीत होतं बघ." मूळ सिनेमा कृष्णधवल, पण शीशमहालातलं हे गाणं रंगीत, हे मला कुठे ठाऊक? मी डोळे ताणून बघत राहिले. पडदा होता तसाच राखाडी. वर छताच्या आरशांत ढीगभर राखाडी मधुबाला गिरक्या घेत होत्या. आत्या मात्र हलक्या आवाजात सांगत होती, ओढणी अशी, झुंबर तसं. तिला सगळं दिसत होतं.

२००४ साली अख्खा सिनेमा रंगवून पुन्हा लागला, तेव्हा तिला मीच घेऊन गेले. ती माझी दुसरी खेप. मध्यंतरापर्यंत आत्या गप्प. गाणं आलं, गेलं. बाहेर पडताना म्हणाली, "पहिल्यापासूनच रंगवून ठेवलंय मेल्यांनी. मग शीशमहालात काय उरलं?"

तिसऱ्यांदा लॅपटॉपवर बघितला, तीन रात्रींत मिळून. त्याबद्दल न बोललेलंच बरं.

सोऱ्या परत फिरायला लागला. एक चकली मध्येच तुटली, ती तिने उचलून पुन्हा भाजणीच्या गोळ्यात दाबली.

"तुला काय कळतंय," आत्या म्हणाली. "तेल तापलंय का बघ."